डिझेल फिल्टर: अख्खा डबा की नुसता एलिमेंट?

जुन्या डिझेल गाड्यांत दोन प्रकार दिसतात, एकात अख्खा डबाच फिरवून काढायचा, दुसऱ्यात हाउसिंग (बाहेरचं भांडं) तसंच ठेवून आतला कागदी एलिमेंट, म्हणजे गाळणी, बदलायचा. डबा सोपा, रबर रिंगला थोडं डिझेल लावा, हाताने घट्ट करा, झालं (पान्याने आवळू नका हां). एलिमेंटवाल्यात तळाला साचलेलं पाणी, गाळ डोळ्याला दिसतो हे भारी, पण ओ-रिंग (हाउसिंग बंद करणारी गोल रबरी रिंग) जुनीच ठेवली की संपलं, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत पंप फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो, मग बाहेर थेंबही गळत नाही पण आत हवा शिरते आणि सकाळी स्टार्टर मारत बसा. फिल्टर बदलल्यावर आत अडकलेली एअर (हवा) दोन्हीत काढावीच लागते. घरी स्वतः करणार असाल तर माझं मत डब्यालाच.