आधीची तीन की नंतरची तीन?

'स्टार वॉर्स'चे १९७७, १९८० आणि १९८३ चे मूळ तीन सिनेमे पाहून झाले, आता प्रीक्वेल (त्याआधीची कथा सांगणारे १९९९, २००२ आणि २००५ चे) घ्यायचे की सीक्वेल (पुढची कथा सांगणारे २०१५, २०१७ आणि २०१९ चे)? आमच्या घरीही हा प्रश्न पडला होता. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की कोल्हापुरात रविवारी बाहेर पडणं तसंही कमी होतं. मी दोन्ही बाजू त्या पावसाळ्यात पाहिल्या, शेजारी आईला घेऊन. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे सिनेमा थांबवून थांबवून मी गोष्ट मराठीत सांगायचो. माझं मत त्या सांगण्यातून झालंय. पुढे कथा थोडी फुटेल, हे आधीच सांगून ठेवतो.

नुसतं बघायला सीक्वेल सरस, हे मान्यच. मोडक्या जहाजांतलं भंगार काढून त्यावर पोट भरणारी, भिंतीवर रेघा मारत आईबापांची वाट बघणारी रे आईला लगेच आपली वाटली. त्या रेघांवर तिने मला सिनेमा मागे न्यायला लावला. खलनायक कायलो रेन झालेल्या ॲडम ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर राग आणि रडू एकाच वेळी दिसतं, तसं काम प्रीक्वेलमध्ये क्वचितच सापडेल. तिथले संवाद पाठ करून म्हटल्यासारखे वाटतात. १९९९ चा सिनेमा व्यापारी कराच्या भांडणाने सुरू होतो आणि २००२ च्या सिनेमातले प्रेमाचे प्रसंग चालू असताना आई भडंग परतायला उठून गेली.

पण मला सीक्वेल खटकले ते रेच्या आईबापांपाशी. २०१५ मध्ये ते कोण, हे कोडं ठेवलं. २०१७ मध्ये उत्तर मिळालं की ते कुणीच नव्हते, दारूच्या पैशांसाठी पोर विकणारी माणसं. मला हे मनापासून पटलं. आईलाही. "बरं झालं, दर वेळी मोठ्या घरचीच पोर कशाला पायजे," म्हणाली. मग २०१९ चा सिनेमा लावला, तर रे निघाली पॅल्पटिनची, म्हणजे मूळ सिनेमांतल्या दुष्ट सम्राटाची नात. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "मग परवा खोटं सांगितलंस होय मला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायलो रेनचा मुखवटाही तसाच. २०१७ मध्ये त्याने तो भिंतीवर आपटून फोडला, २०१९ मध्ये लाल सांधे देऊन पुन्हा जोडला. पहिला आणि तिसरा सिनेमा जे. जे. एब्रम्सचा, मधला रायन जॉन्सनचा. तालमीत वस्ताद बदलला की पोराची पकड बदलते, तसं काहीसं झालं असावं.

प्रीक्वेल तिन्ही जॉर्ज लुकासचेच, आणि त्यात आईला सांगितलेलं मला एकदाही मागे घ्यावं लागलं नाही. पॅल्पटिन आधी सिनेटर. तो राणी पद्मेला अविश्वास ठराव मांडायला लावतो आणि स्वतः चान्सलर, म्हणजे सत्ताप्रमुख होतो. पुढे युद्धाच्या नावाखाली विशेष अधिकार घेतो आणि २००५ मध्ये भरल्या सभागृहात टाळ्यांच्या कडकडाटात सम्राट होतो. अविश्वास ठराव काय असतो, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आई माझ्या पुढे धावत होती. "हाच आग लावतोय," हे तिने पहिल्याच सिनेमात ओळखलं.

आवड ज्याची त्याची. एकट्याने एखादाच सिनेमा बघायचा असेल, तर २०१७ चा जरूर बघा. पण तीन रविवार हाताशी असतील आणि घरचं कुणी शेजारी बसणार असेल, तर मी प्रीक्वेल सुचवीन. १९९९ च्या सिनेमाच्या सुरुवातीला तेवढा धीर धरा. २००५ च्या शेवटी होरपळलेल्या अनाकिनच्या, म्हणजे मूळ सिनेमांतल्या डार्थ व्हेडरच्या चेहऱ्यावर मुखवटा हळूहळू खाली येतो, बसतो आणि पहिला श्वास ऐकू येतो. तिथे मी काही सांगायच्या आत आईने हात वर करून मला गप्प केलं.