पावसाळी चिखलासाठी डिस्क ब्रेक: तारेचा घ्यावा की हायड्रॉलिक?

पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की ठाण्यात उपवनहून येऊरकडे चढणाऱ्या घाटात सायकलींची संख्या एकदम वाढते, आणि त्याच सुमारास नवी माउंटन बाइक घेऊ पाहणारे किंवा जुनीचे ब्रेक बदलू पाहणारे एकच प्रश्न विचारू लागतात: तारेवर चालणारा मेकॅनिकल डिस्क ब्रेक पुरेसा आहे, की हायड्रॉलिकसाठी जास्त पैसे मोजावेत? मी हे दोन्ही प्रकार प्रत्येकी तीन पावसाळे येऊर आणि खारघरच्या डोंगरांत वापरले आहेत. सायकल कोणत्या चिखलात जाणार आहे यावर माझे उत्तर जितके अवलंबून आहे, तितकेच घरी परतल्यावर तिच्याकडे कोण आणि किती लक्ष देणार यावरही आहे.

रिमवर दाबले जाणारे व्ही-ब्रेक या तुलनेत धरलेले नाहीत. ओल्या रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत ते नीट पकडत नाहीत, आणि रबरात अडकलेली वाळू ॲल्युमिनियमच्या रिमची भिंतच खरवडत राहते. डिस्कचा रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती, चाकाच्या मध्याशी, म्हणजे चिखलापासून बराच वर असल्यामुळे दोन्ही डिस्क प्रकार येथे त्यांच्यापेक्षा निःसंशय सरस ठरतात.

निवड करण्यापूर्वी आपल्याकडील चिखलाचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. ठाणे आणि नवी मुंबईचे डोंगर बेसॉल्टचे आहेत. हा दगड कुजून त्याचा मुरूम होतो आणि पावसात तो बारीक खडीसह पाण्याबरोबर वाहतो. हा खरखरीत गाळ रोटर आणि त्यावर दाबले जाणारे ब्रेकचे पॅड यांच्यामध्ये शिरला की पॉलिश पेपरसारखे काम करतो. याउलट खाडीलगतच्या खाजणातील काळी माती चिकट असते. ती ब्रेक फारसे झिजवत नाही, परंतु चाक आणि फ्रेम यांच्यामधील जागा भरून चाकच अडवते. म्हणून ब्रेकची खरी परीक्षा डोंगरात होते.

मेकॅनिकल डिस्कची बाजू आधी पाहू. लिव्हर ओढला की तार कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या भागाचा, हात खेचते आणि पॅड रोटरवर दाबला जातो. स्वस्त कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो आणि तो रोटरला किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर टेकवतो. त्यामुळे पॅड झिजत गेल्यावर स्थिर पॅड आत घेण्यासाठी ॲलन की लागते, तर तारेचा ढिलेपणा लिव्हरजवळच्या स्क्रूने काढावा लागतो. दोन्ही पॅड हलवणारे कॅलिपरही मिळतात आणि मेकॅनिकलच घ्यायचा असेल तर तेच घ्यावेत. या प्रकाराचा खरा शत्रू मात्र तारेच्या बाहेरील आवरणात शिरणारे पाणी हा आहे. आवरण जेथे तुटक असते, तेथून गढूळ पाणी आत जाते, तार गंजते, आणि ऑगस्टपर्यंत लिव्हर इतका जड होतो की लांब उतारावर बोटे भरून येतात. लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत सलग आवरण आणि स्टेनलेस स्टीलची तार घेतली तर हा त्रास बराच कमी होतो. शिवाय तार आणि आवरण बदलणे हे कोणत्याही नाक्यावरच्या सायकल दुकानात थोडक्या पैशांत होणारे काम आहे.

हायड्रॉलिकमध्ये तारेऐवजी बंद नळीतील तेल दाब पोहोचवते. बाहेरचा चिखल त्या मार्गात शिरूच शकत नाही, त्यामुळे जूनमधील लिव्हर आणि सप्टेंबरमधील लिव्हर हाताला जवळपास सारखाच लागतो. एका बोटाने ब्रेक लागतो, आणि ओल्या दगडावर चाक घसरण्याच्या अगदी अलीकडे दाब थांबवता येतो. येऊरसारख्या ठिकाणी, जेथे शेवाळलेला दगड आणि ओली पाने एकामागोमाग येतात, तेथे ब्रेकच्या ताकदीपेक्षा हे नियंत्रण अधिक मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

परंतु त्याच्या एका गुणातच एक धोका दडलेला आहे, आणि विकत घेताना तो क्वचितच कोणी समजावून सांगते. पॅड झिजले की हायड्रॉलिकचे पिस्टन आपोआप पुढे सरकतात, त्यामुळे लिव्हरचा अंदाज बदलत नाही. मेकॅनिकलमध्ये पॅड झिजला की लिव्हर हँडलजवळ येऊ लागतो आणि चालवणाऱ्याला ते आपसूक समजते. हायड्रॉलिकमध्ये झीज डोळ्यांनीच पाहावी लागते. एका जुलैमध्ये मी सकाळी अर्धे उरलेले पॅड घेऊन निघालो, दिवसभर संततधारेत फिरलो, आणि परतीच्या उतारावर लिव्हर नेहमीसारखाच लागत असताना मागून धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. पॅडचा थर पूर्ण संपला होता आणि रोटरही बदलावा लागला. तेव्हापासून प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर टॉर्च लावून पॅडची जाडी पाहणे हा माझा नियम आहे. थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की तो पॅड टाकून द्यावा.

पॅडचा प्रकार हा प्रश्न दोन्ही ब्रेकना सारखाच लागू आहे. नव्या सायकलवर बहुधा रेझिनचे पॅड येतात. ते शांत असतात आणि पहिल्या दाबालाच पकडतात, पण मुरमाच्या चिखलात फार लवकर संपतात. धातूच्या भुकटीपासून बनवलेले सिंटर्ड पॅड भिजल्यावर ओरडतात, मात्र टिकतात कितीतरी अधिक. पावसाळ्यासाठी सिंटर्डच घ्यावेत, तथापि त्याआधी रोटर पाहावा: स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ अशी अक्षरे कोरलेली असतात आणि सिंटर्ड पॅड असा मऊ रोटर वेगाने झिजवतो. नवे पॅड कोरड्या रस्त्यावर वीस-एक वेळा वेग घेऊन ब्रेक लावत बसवून घ्यावेत. थेट चिखलात नेलेले नवे पॅड वाया जातात.

हायड्रॉलिक निवडल्यास तेलाकडेही लक्ष द्यावे. शिमानो आणि टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, जे पाणी शोषत नाही. इतर काही ब्रेकमधील डॉट प्रकारचा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि सांडल्यास रंग खराब करतो. आपल्याकडील दमट हवेत मी मिनरल ऑइललाच पसंती देईन. या दोहोंची अदलाबदल मात्र कधीही करू नये, कारण एकाचे सील दुसऱ्या द्रवात फुगून निकामी होतात. ब्लीडिंग, म्हणजे नळीत शिरलेली हवा काढण्याचे काम, करून देणारा मेकॅनिक आपल्या भागात आहे का, याची चौकशी खरेदीच्या आधीच करावी. नळी फुटली किंवा हवा शिरली, तर रस्त्यात करता येण्यासारखे काहीच नसते. तुटलेली तार मात्र पिशवीत सुटी तार असल्यास झाडाखाली उभे राहूनही बदलता येते.

टायरविषयी थोडक्यात: उंच आणि विरळ गुठळ्यांचे टायर चिखल झटकतात, परंतु ओल्या बेसॉल्टवर त्या गुठळ्या वाकतात. त्यामुळे आपल्याकडे मध्यम उंचीच्या गुठळ्या, मऊ रबर आणि नेहमीपेक्षा थोडी कमी हवा हेच योग्य.

धुण्याच्या बाबतीत दोन्ही ब्रेक सारखेच नाजूक आहेत. स्कूटर धुणाऱ्या वॉशिंग सेंटरवर जोराचा फवारा मारून घेण्याची सवय अनेकांना असते; त्या दाबाने बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते आणि चेनचे तेल रोटरवर उडते. एकदा तेल प्यायलेला पॅड सहसा पुन्हा पूर्ववत होत नाही. बादलीभर पाणी, मऊ ब्रश आणि रोटरसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे पुरेसे आहे.

आता निर्णयाकडे. जो नवी मुंबईत मुख्यतः पाम बीच मार्गावर सायकल चालवतो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी कच्च्या रस्त्यावर उतरतो, त्याने दोन्ही पॅड हलवणारा मेकॅनिकल घेऊन उरलेले पैसे चांगल्या टायरवर खर्च करावेत. जो दर आठवड्याला येऊर चढतो किंवा खारघरच्या डोंगरावर जातो, त्याने मिनरल ऑइलचा हायड्रॉलिक घ्यावा, आणि वजन ऐंशी किलोच्या वर असल्यास फ्रेम व फोर्क मुभा देत असतील तर पुढे 180 मिलिमीटरचा रोटर बसवावा. येऊरचा बराचसा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो आणि जंगलातील पाऊलवाटांवर वनविभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, हे मार्ग ठरवताना ध्यानात ठेवावे; तसेच लावणीच्या दिवसांत पाड्यांजवळच्या भातखाचरांच्या बांधांवर सायकल मुळीच घालू नये, कारण चाकाने कापलेला बांध फुटला की शेतकऱ्याने अडवलेले पाणी निघून जाते. दोन्हीपैकी कोणताही ब्रेक घेतला, तरी सीटखालच्या पिशवीत पॅडची एक सुटी जोडी आणि योग्य मापाची ॲलन की जूनपासून सप्टेंबरपर्यंत असलीच पाहिजे.