कपडे स्वतः शिवणाऱ्यांसाठी रिअॅक्टिव्ह डायचं स्टार्टर किट कसं आहे

स्वतःचे कपडे स्वतः शिवता आणि आता कापडही रंगवून बघायचंय, तर माझं मत सरळ आहे, कोल्ड वॉटर रिअॅक्टिव्ह डायचं छोटं किट घ्या. मी वापरते त्यात पिवळा, मॅजेंटा, निळा आणि काळा असे चार रंग, सोडा अॅशचं म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाकीट, हातमोजे आणि एक माहितीपत्रक आहे. रंगांना पैकीच्या पैकी मार्क, माहितीपत्रक मात्र जेमतेम पास.

सगळ्या कापडांना चालणारा म्हणून जो गरम पाण्यातला डाय मिळतो त्यात वेगवेगळ्या धाग्यांसाठीचे रंग एकत्र केलेले असतात, सुती कापडावर त्यातला काहीच भाग लागतो आणि तोही नुसता चिकटून बसतो, त्यामुळे धुवाल तेव्हा थोडा थोडा जातच राहतो. रिअॅक्टिव्ह डायचं तसं नाही, तो सोड्याच्या मदतीने धाग्याशी रासायनिक बंध करतो म्हणून पक्का. आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये प्रोसिऑन नावाने हे रंग पहिल्यांदा बाजारात आणले आणि घरी रंगवणारे आजही मुख्यतः त्यातलेच एमएक्स प्रकारचे वापरतात, कारण कापड उकळावं लागत नाही. सुती, लिनन, व्हिस्कोज सगळ्यावर छान चढतात. पॉलिएस्टरवर अजिबात नाही, आणि मिक्स कापडावर फक्त सुताचा भाग रंगतो म्हणून शेड फिकी येते.

शिवणाऱ्यांसाठी यातली खरी गोष्ट म्हणजे दोरा. आपण बहुतेक सगळे पॉलिएस्टर दोऱ्याने शिवतो, आणि तयार कपडा रंगात बुडवला की कापड गर्द निळं होतं अन् टीप न् टीप पांढरी उठून दिसते, चेनची पट्टी आणि लेसही तशीच राहते. म्हणून शिवून मग रंगवायचं असेल तर आधीच सुती दोरा वापरा. मला विचाराल तर बेतायच्या आधी अख्खं कापड रंगवणंच बरं, गरम पाण्याच्या धुण्यात जे आटायचं ते आधीच आटून जातं आणि फिटिंग बिघडत नाही. फक्त बाह्या, कॉलर, खिसे सगळं धरून थोडं जास्तीचं कापड एकाच वेळी रंगवा, नंतर तोच रंग तंतोतंत पुन्हा जुळवणं फार कठीण जातं.

आता माहितीपत्रकाबद्दल. रंगवायच्या आधी कापड धुवायचं हे त्यात एका ओळीत उरकलंय आणि मला ते अजिबात पटलं नाही. नव्या कापडात खळ असते, फिनिशिंगची रसायनं असतात, ती नीट निघाली नाहीत तर कितीही चांगला रंग असो ठिपके पडणारच. गरम पाण्यात थोडा सोडा अॅश आणि साबण घालून धुवा, मग वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर कापड तयार, थेंब वर तरंगत राहिला तर परत धुवा.

मापंही चमच्यात दिलीत. प्रत्येक रंगाची पावडर सारखी जड नसते, त्यामुळे छोटा वजनकाटा घ्याच. मध्यम ते गडद रंगासाठी कोरड्या कापडाच्या वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के रंग, म्हणजे ५०० ग्रॅम कापडाला १० ते २० ग्रॅम, आणि काळ्याला याच्या जवळजवळ दुप्पट. टबात रंगवताना मीठ लागतं ते किटमध्ये नाहीये, वेगळं आणावं लागेल. आणि सोडा अॅशऐवजी खाण्याचा सोडा घालू नका, त्याचा अल्कलीपणा कमी पडतो.

सोडा घातला की रंग कापडाशी जसा बांधला जातो तसा पाण्याशीही रिअॅक्ट होत जातो, म्हणून उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवून उपयोग नाही, लागेल तेवढंच कालवा. कोरडी पावडर मात्र घट्ट झाकणात बराच काळ टिकते. पाणी २१ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका, आणि पुढे टर्कॉइज म्हणजे हिरवट निळा रंग घेतलात तर त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त ऊब आणि वेळ दोन्ही द्या.

मास्क किटमध्ये हवाच होता. ही पावडर सतत श्वासात गेली तर कायमची अॅलर्जी होऊ शकते, त्यामुळे पावडर पाण्यात विरघळेपर्यंत चांगला मास्क लावा, पंखा बंद ठेवा, आणि यासाठीची भांडी चमचे स्वयंपाकात परत नाही म्हणजे नाही.

धुणं मात्र कंटाळवाणं आहे हे खरं. आधी गार पाणी, त्याने मीठ आणि सोडा निघतो, मग खूप गरम पाणी, त्याने न लागलेला रंग निघतो, हे पाणी पूर्ण निवळेपर्यंत करत राहायचं. शेवटी ओलं कापड पांढऱ्या कपड्याखाली ठेवून इस्त्री फिरवा, डाग उमटला नाही तर निर्धास्त बेता.

लोकर किंवा पॉलिएस्टर रंगवायचं असेल तर हे किट घेऊ नका, त्यांचे डाय वेगळे. बाकी सुती आणि लिनन शिवणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या, पुढच्या वेळी किटऐवजी सुटे तीन मूळ रंग मोठ्या पाकिटात घेतले तरी पुरे, हिरवा जांभळा केशरी सगळं त्यातूनच निघतं.