नळीवरच्या बाळाला तोंडाने जेवायला शिकवणारे केंद्र

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांमध्ये चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणपणे गर्भावस्थेच्या 34 आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. आमची मुलगी त्याच्या बरीच आधी जन्मली, त्यामुळे तिला दूध नाकातल्या नळीनेच द्यावे लागले. पुढे ती सुदृढ झाली, तरी चमचा ओठांजवळ आला की मान फिरवीत असे. तेव्हा आम्ही पुण्यातील एका फीडिंग थेरपी केंद्रात जाऊ लागलो.

तेथे सुरुवातीला भरवण्याचा विषयच निघाला नाही. सक्शन (नळीने तोंडा-नाकातला स्राव ओढून काढणे), चिकटपट्टी आणि नळी यांचाच अनुभव असलेल्या मुलाला तोंडाजवळ आलेली प्रत्येक वस्तू त्रासाची वाटते, हे थेरपिस्टबाईंनी माझ्या सासूबाईंना इतक्या आपुलकीने समजावले की घरातला आग्रह आपोआप थांबला. “आजी, तिने वाटीत हात घातला तर घालू द्या, लगेच पुसू नका,” असे त्या सांगत.

काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न उतरले तरी ठसका लागत नाही. म्हणून बेरियम (क्ष-किरणांत ठळक दिसणारा पदार्थ) मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांखाली तपासणी झाल्यावरच त्यांनी पेज सुरू केली, आणि ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते. पेजेचा दाटपणाही अंदाजावर सोडलेला नव्हता: 10 मिलिलीटरच्या सिरिंजमध्ये नाचणीची पेज 10 च्या खुणेपर्यंत भरायची, टोकावरचे बोट काढून 10 सेकंद गळू द्यायची आणि किती उरली ते पाहायचे, 4 ते 8 मिलिलीटर उरली तर ती आयडीडीएसआयच्या, म्हणजे अन्नपेयांचा दाटपणा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीच्या, दुसऱ्या पातळीची. नाचणी निवली की दाटते, त्यामुळे मोजमाप भरवण्याच्या वेळीच करायचे, हेही त्यांनी करून दाखवले. नळीचे दूध मात्र बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, वजनावर लक्ष ठेवून, भूक लागेल इतपतच कमी होत गेले. आता ती मऊ वरणभात स्वतःच्या हाताने तोंडात घालते.

तक्रारी दोन आहेत. लेखी सूचना केवळ इंग्रजीत मिळतात, आणि दिवसभर भरवणाऱ्या आजीलाच त्या वाचता येत नाहीत. शिवाय दुपारच्या वेळा बहुधा नळीचे दूध नुकतेच झाल्यावर येतात आणि पोट भरलेले मूल घासाकडे पाहतही नाही. म्हणून नाव नोंदवतानाच दुधाच्या आधीची वेळ आग्रहाने मागून घ्यावी.