तरुणांच्या मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती सेवांसाठीचे अनुदान: तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

आमची संस्था १२ ते २५ वयोगटातील मुलामुलींसाठी समुपदेशनाचे आणि व्यसनमुक्तीचे काम करते. या कामासाठी एका प्रतिष्ठानाकडून मिळालेल्या तीन वर्षांच्या अनुदानाची मुदत नुकतीच संपली. प्रस्ताव लिहिण्यापासून शेवटचा हिशेब सादर करण्यापर्यंतचे बहुतेक सर्व कागद माझ्या हातून गेले असल्यामुळे, असे अनुदान घेण्याचा विचार करणाऱ्या संस्थांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. प्रतिष्ठानाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या अटींविषयी मला बोलायचे आहे त्या कमीअधिक फरकाने इतरही अनेक निधींच्या करारांत आढळतात.

अर्जाची पद्धत चांगली होती. आधी दोन पानांचे टिपण मागवले गेले आणि ते पसंत पडल्यावरच सविस्तर प्रस्ताव लिहावा लागला. त्यामुळे छोट्या संस्थेचे महिनाभराचे काम वाया जाण्याचा धोका टळतो. आमच्या अनुदानाची जबाबदारी असलेल्या अधिकारी फोनवर शंकांची उत्तरे देत, आणि एखादी गोष्ट नियमात बसत नसेल तर तसे स्पष्ट सांगत. पैसेही पुरेसे होते. त्या निधीतून दोन पूर्णवेळ समुपदेशक आणि आठवड्यातून दोन दिवस येणारे मानसोपचारतज्ज्ञ नेमता आले. एरवी ज्यांच्यापर्यंत कोणी पोहोचले नसते अशा कितीतरी मुलांना त्यामुळे वेळेवर मदत मिळाली, हे आधीच नोंदवतो.

माझी मुख्य तक्रार अहवालाच्या तक्त्याबद्दल आहे. त्यात ‘मानसिक आरोग्य’ आणि ‘व्यसनमुक्ती’ असे दोन रकाने होते, दोन्हींची लेखाशीर्षे वेगळी होती आणि एका लाभार्थ्याची नोंद एकाच रकान्यात करण्याचे बंधन होते. पहिल्याच वर्षी आमच्याकडे एक मुलगा आला. रात्री छातीत धडधड सुरू झाली की झोप यावी म्हणून तो दारू पीत असे. किशोरवयीनांमधील व्यसनाचा धोका ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘क्रॅफ्ट’ या सहा प्रश्नांच्या चाचणीत, मन हलके व्हावे किंवा स्वतःबद्दल बरे वाटावे म्हणून तू नशा करतोस का, असा एक प्रश्न आहे आणि एकटा असताना करतोस का, असा दुसरा. त्याने दोन्हींना होकार दिला. म्हणजे चाचणीनेच त्याची भीती आणि त्याची दारू एका धाग्यात बांधून आमच्यासमोर ठेवली होती, आणि तिमाही अहवाल भरताना आम्हाला तो धागा तोडावा लागत होता. त्याची नोंद ‘मानसिक आरोग्य’ या रकान्यात केली, तर त्याच्या दारूविषयी बोलण्यात गेलेला समुपदेशकाचा वेळ त्या शीर्षावर टाकता येत नसे. अखेर चाळीस मिनिटांच्या एका बैठकीची वीस-वीस मिनिटे दोन वेगळ्या वेळपत्रकांवर लिहिण्याची वेळ आली, आणि हे काम समुपदेशकांना दर शुक्रवारी करावे लागे.

निधी वेगळा राखण्यामागे कारण आहे, हे मला मान्य आहे. अमेरिकेत केंद्र सरकारकडून राज्यांना मानसिक आरोग्यासाठी आणि व्यसनाधीनतेसाठी दोन स्वतंत्र अनुदाने दिली जातात. त्यांपैकी दुसऱ्या अनुदानातील किमान २० टक्के रक्कम प्राथमिक प्रतिबंधावर, तर पहिल्यातील किमान १० टक्के रक्कम गंभीर मानसिक आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांवर खर्च करणे बंधनकारक आहे. असे कुंपण घातले नाही, तर ज्या कामाला समाजात सहानुभूती कमी त्या कामाचा पैसा सर्वांत आधी दुसरीकडे वळतो. परंतु हे कुंपण निधीच्या पातळीवर असावे, ते मुलाच्या केसपेपरपर्यंत आणण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियात २००६ साली स्थापन झालेल्या ‘हेडस्पेस’च्या केंद्रांमध्ये मानसिक आरोग्य, शारीरिक आरोग्य, दारू व अन्य अमली पदार्थ आणि शिक्षण-रोजगार या चारही बाबतींतली मदत १२ ते २५ वर्षांच्या तरुणांना एकाच दारातून आत आल्यावर मिळावी, अशी रचना आहे. तरुण माणूस आपल्या अडचणींची विभागणी करून येत नाही, हे त्या रचनेने गृहीत धरले आहे.

मुदतीबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणानुसार आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक विकारांपैकी, व्यसनाचे विकार धरून, निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. दहा वर्षांच्या या नाजूक कालखंडासाठी तीन वर्षांचे अनुदान अपुरे आहे. त्यातही नेमणुका, प्रशिक्षण आणि शाळांचा विश्वास मिळवणे यांत आमचे जवळजवळ पहिले वर्ष गेले. अमली पदार्थांपासून तरुणांना दूर ठेवण्यासाठी स्थानिक गटांना दिले जाणारे अमेरिकेतील ‘ड्रग-फ्री कम्युनिटीज’ अनुदान पाच वर्षांचे असते आणि ते आणखी पाच वर्षे मिळू शकते. ती मुदत मला कामाच्या स्वरूपाला अधिक धरून वाटते. आमच्याकडे मुदतवाढीचा निर्णय अखेरपर्यंत न कळल्यामुळे एका समुपदेशक ताईंनी मुदत संपण्याच्या चार महिने आधी दुसरी नोकरी धरली. त्यांना दोष देता येणार नाही, कारण घर त्यांच्या पगारावर चालत होते. त्यांच्याकडे नियमित येणाऱ्या एका मुलीने मला विचारले, “नवीन ताईंना सगळं पहिल्यापासून सांगायचं का?” पुढच्या दोन भेटींना ती आली नाही. तिसऱ्या भेटीला आली, तेव्हा बराच वेळ गप्प बसून होती.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा पाच टक्के होती. अमेरिकेच्या केंद्र सरकारने, ज्या संस्थांनी अशा अप्रत्यक्ष खर्चाचा दर वाटाघाटीने ठरवलेला नाही त्यांच्यासाठीचा सरसकट दर ऑक्टोबर २०२४ पासून १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत वाढवला, यावरून पाच टक्क्यांत काय भागत असेल याची कल्पना यावी. जागा, वीज आणि लेखापरीक्षण यांसाठी आम्ही कशीबशी तोंडमिळवणी केली. परंतु समुपदेशकांना ज्येष्ठ तज्ज्ञांकडून मिळणारे मार्गदर्शन, ज्याला आम्ही सुपरव्हिजन म्हणतो, तेही प्रशासकीय खर्चातच धरले गेले आणि याला माझा ठाम आक्षेप आहे. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या मुलासमोर दिवसभर बसलेल्या समुपदेशकाला संध्याकाळी त्याविषयी कोणाशी तरी बोलता आले पाहिजे. ते बोलणे उपचाराचाच भाग आहे. यशाचा निकषही असाच तोकडा होता. व्यसनाच्या बाबतीत सहा महिने पूर्ण वर्ज्य असेल तरच यश धरले जाई. रोज पिणारा मुलगा महिन्यातून एकदा पिऊ लागला आणि परत वर्गात बसू लागला, तर त्याची नोंद करायला तक्त्यात जागाच नव्हती.

ऑनलाइन पोर्टल सोपे होते. दुसऱ्या वर्षाचा पहिला हप्ता सात आठवडे उशिरा आला आणि तेवढे दिवस आम्ही स्वतःच्या ठेवीतून पगार केले.

ज्या संस्थेकडे किमान तीन महिन्यांच्या पगाराइतकी शिल्लक आहे, तिने असे अनुदान जरूर घ्यावे. मात्र करारावर सही करण्यापूर्वी सुपरव्हिजनचा खर्च कोणत्या शीर्षात धरणार आणि मुदतवाढीचा निर्णय किती महिने आधी कळवणार, हे लेखी विचारून घ्यावे. अखेरच्या बैठकीत मी ही सर्व मते प्रतिष्ठानासमोर मांडली, आणि ती शांतपणे ऐकून घेतली गेली. या वर्षीच्या नव्या अर्जात ‘दोन्ही सेवा’ असा तिसरा रकाना आला आहे. सुपरव्हिजन अजूनही पाच टक्क्यांतच आहे, आणि त्याबद्दलचे आमचे पत्र मागच्या आठवड्यात गेले आहे.