डुप्लिकेट खाती पकडायची कशावरून: आयपी, अर्ज की मतांचा मेळ?

रावेरकडच्या एका गावातून केळीच्या भावाच्या पोस्टला अकरा मतं पडली, सगळी एकाच आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून. लेमी या चर्चामंचाचा एक सर्व्हर मी चालवतो; असे अनेक सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात. एकाच माणसाची अकरा खाती समजून हात लगेच बॅनकडे गेला. नशीब, नावं वाचली. त्यातले दोघे माझे मामेभाऊ निघाले! मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांवर) कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. खेड्यापाड्यात नेट म्हणजे मोबाइलच, तेव्हा आयपी जुळला तर फार तर शंका घ्यावी.

त्यात दुसऱ्या सर्व्हरवरचं मत ॲक्टिव्हिटीपबने, म्हणजे सर्व्हर एकमेकांशी ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात तिच्यातून येतं. सोबत खात्याचं नाव येतं, मतदाराचा आयपी नाही. बाहेरून वीस बोगस मतं आली तर आयपीवाल्याच्या हाती काहीच लागत नाही.

मतांचा मेळ, म्हणजे दोन खात्यांची मतं किती जुळतात ते पाहणं, मात्र आपल्या आणि बाहेरच्या दोन्ही खात्यांना चालतो, कारण कोणी कशाला मत दिलं हे ॲडमिनला दिसतं. (सभासदांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बोंब होते.) समजा, एका खात्याने ४० पोस्टना मत दिलं, दुसऱ्याने ३८ ना, आणि ३६ पोस्ट दोघांच्या सारख्या. एकूण वेगळ्या पोस्ट ४२. ३६ भागिले ४२, म्हणजे ०.८६. आकडा मोठा दिसतो, पण लगेच हुरळू नका. वांग्याच्या भरताच्या फोटोला सगळं गावच मत देतं, म्हणून गाजलेल्या पोस्टचं वजन कमी धरा. जेमतेम तीन मतं पडलेल्या जुन्या प्रतिसादांवर तीच जोडी पुन्हा पुन्हा भेटली, दर वेळी त्याच क्रमाने, वीस-पंचवीस सेकंदांच्या फरकाने, तर कोणीतरी खातं बदलून लॉगइन करतोय असं समजा. उणीव एकच: दोन-चार मतं दिलेल्या नव्या खात्याबद्दल यातून काही कळत नाही.

तिथे नोंदणीचा अर्ज कामाला येतो. गाव कोणतं, पीक कोणतं, एवढं विचारलं तरी बरेच बॉट गळतात. चिवट माणूस दहा अर्ज भरतोच. ओळख पटवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेशिवाय अशी खाती पूर्ण रोखता येत नाहीत, हे संगणक संशोधक जॉन डूसर यांनी २००२ मध्येच मांडलं होतं. एकाच माणसाने अनेक खोटी खाती काढण्याला ‘सिबिल हल्ला’ म्हणतात, ते नाव तिथलंच.

शे-दोनशे सभासद असतील तर अर्ज ठेवा, महिन्यातून एकदा मेळ काढा, आयपी फक्त जोडीला बघा. मतं बाहेरून येत असतील तर आधी तिथल्या ॲडमिनला लिहा. त्या सर्व्हरशी जोडणीच तोडली तर तिकडचे खरे शेतकरीही तुटतात.