दाजीपूरच्या जंगलात घोड्यावरून मुक्काम: आमचे २६,००० रुपये असे गेले

राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला घोड्यावरून कॅम्पिंगला जायचं कुणाच्या मनात असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. पैसे गेले ते गेले, पण त्या शेतात बांधलेली तांबडी घोडी अजून डोळ्यासमोरून हलत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

जाहिरात फोनवर आली. धुक्यातनं चाललेले घोडे, मागं तंबू, शेकोटी आणि वर ओळ: ‘शाहू महाराजांच्या शिकारीच्या जंगलात दोन दिवस, घोड्यावरून.’ दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानाचं राखीव शिकारीचं जंगल होतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात माझे आजोबा टांगा चालवायचे. शिवाजी पेठेतल्या आमच्या परड्यात घोडं असायचं, चंदी, म्हणजे घोड्याचा खुराक, भिजत घातलेली असायची. मुलींना घोड्यावर बसवायचं आणि गवासुद्धा दाखवायचा, दोन्ही एका फेरीत होणार म्हटल्यावर मी लगेच फोन लावला.

पलीकडचा माणूस गोड बोलायचा. “दादा, परवानगीचं टेन्शन घेऊ नका, वनखात्याचं सगळं आपल्याकडं लागतं. तंबू आतच, अभयारण्यात.” आम्ही पाच जण, माणशी ४,५०० रुपये. निम्मे, म्हणजे ११,२५० आगाऊ भरले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर स्क्रीनवर भलतंच नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “मामांचं अकाउंट आहे.” मी तिथंच थांबायला हवं होतं. चार दिवसांनी ‘परवाना फी’ म्हणून ३,५०० मागितले आणि गोल शिक्क्याची पावती पाठवली. निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन: घोडी ट्रकमध्ये चढवायची आहेत, बाकी आत्ताच टाका. टाकले. दरवेळी रक्कम अशी की, एवढे दिलेत तर हेही देऊन मोकळं व्हावं असं वाटायचं.

पहाटे निघालो. हळदी, परिते, राधानगरी करत सांगितलेल्या ठिकाणी पोचलो तर रस्त्याकडेचं एक मोकळं शेत. तंबू नाही, माणूस नाही. पाचाऐवजी तीन घोडी आणि त्यांच्याजवळ सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा. घोडी वरातीची होती, एकीच्या लगामाला अजून जरीची झालर लटकत होती. पोरगा म्हणाला, “मला नुसती घोडी हितं आणा म्हणालेत. माझंबी पैसे द्यायचं हाईत.” फोन लावला, तर बंद.

तांबड्या घोडीजवळ गेलो तशी तिनं कान मागं पाडले. आजोबा सांगायचे, परक्या घोड्यावर बसायच्या आधी खोगिराखाली हात घालून बघायचा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सोडला आणि खोगीर उचललं, तर खालचं फडकं कातडीला चिकटलेलं. मानेच्या मुळाशी तळहाताएवढी जागा सोललेली होती, वर हळद फासलेली आणि माश्या घोंगावत होत्या. मागच्या एका पायाचा नाल दोनच खिळ्यांवर अडकला होता. दावं थेट जांभळाच्या बुंध्याला आवळलेलं, आणि उपाशी घोडीनं तोंड पोचेल तेवढी साल कुरतडून काढली होती. ज्याला खरोखर घोडी घेऊन रानात राहायचं असतं, तो असं बांधत नाही. दोन झाडांना रुंद पट्टे लावून त्यांच्यामध्ये उंचावर दोर ताणतो आणि घोडी त्या दोराला बांधतो, म्हणजे साल सोलत नाही आणि मुळं उकरली जात नाहीत.

माझ्या मोठ्या मुलीनं शेजारच्या विहिरीवरनं बादली आणली. घोडीनं मान वर न काढता दोन बादल्या संपवल्या. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. त्या शेतात पाण्याचं एक भांडंसुद्धा नव्हतं.

पावती घेऊन मी अभयारण्याच्या गेटवर गेलो. तिथल्या वनरक्षकानं ती उन्हाकडं धरून बघितली. “ही गाडीच्या एंट्रीची पावती हाय सायेब, नाव नि तारीख खोडून घातल्या. घोडी आत न्यायची असली पावती आम्ही देतच न्हाई.” मग शांतपणे म्हणाला, “रात्री रानात घोडं बांधणं म्हंजे बिबट्याला आवतण. आणि गवा समोर आला की घोडं बुजतंय, वरच्या पोरांचं काय?” हे ऐकून बायको मट्कन खालीच बसली.

घरी आल्यावर मी कायदा वाचला. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे, १९५८ पासून संरक्षित आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा जंगलात बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय शिरता येत नाही आणि लस न दिलेलं पाळीव जनावर आत नेता येत नाही. पशुधनाच्या व्याख्येत घोडा, गाढव, खेचर यांची नावं स्पष्ट दिलेली आहेत. घोड्यांना होणारा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. म्हणून आयोजक कुणीही असो, प्रत्येक घोड्याचा ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल मागाच. आमच्या माणसाला मी हे विचारलं असतं तर पहिल्याच फोनवर त्याची बोबडी वळली असती. परवाना दाखवला, तर त्यावरचा नंबर घेऊन थेट वनखात्याच्या कार्यालयात फोन करा, त्यानं दिलेल्या नंबरवर नको. आणि घोडी आधी बघायला मिळणार नसतील, तर पुढं बोलूच नका.

राधानगरीतनं जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी जखम धुतली, मलम लावलं आणि महिनाभर खोगीर घालायचं नाही म्हणून पोराला बजावलं. पोरगा मान डोलवत होता, पण मालक ऐकणार नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याच्या जेवणाला आणि वैरणीला थोडे पैसे देऊन आम्ही परत फिरलो.

गाडीतूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिन्ही व्यवहारांचे नंबर विचारले. पहिल्या दोन रकमा केव्हाच पुढच्या खात्यांत गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळच्या पैशांतले ७,००० तेवढे खात्यात अडवता आले, तेही अजून हातात आलेले नाहीत. फसल्याचं कळलं की घरी पोचायचीही वाट बघू नका, त्या एका रात्रीत बाकीचे निसटले. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली. पूर्वी जे ४२० होतं ते आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, असं हवालदारांनी सांगितलं. आमच्या आधी आणखी एक कुटुंब त्याच जाहिरातीची तक्रार देऊन गेलं होतं.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, नंबर नवा, या वेळी जागा भुदरगडकडची. चौथ्या फोटोत तांबडी घोडी आहे, कपाळावर तोच पांढरा टिक्का, आणि पाठीवर खोगीर. मी तो फोटो पोलीस ठाण्यात देऊन आलोय.